नाताळची गव्हाण

इंद्रायणी देहूहून आळंदीस येते आणि आळंदीहून तुळापुरास भीमेला मिळावयास निघते. त्या वाटेवर आळंदी मागें टाकतांच चऱ्होली लागते; नदीच्या एका तीरावर बुद्रुक, दुसऱ्या तीरावर खुर्द. १९९७ सालीं चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामील झालें आणि शेतांच्या बांधांवरून डांबरी रस्ते गेले. तरीहि नदीकांठच्या या गांवांतील जुन्या माणसांच्या बोलण्यांत असे कांहीं शब्द आहेत कीं, शहराला त्यांची गरज पडत नाहीं. ‘गव्हाण’ हा त्यांपैकीं एक. गोठ्यांत भिंतीलगत दगडमातीची किंवा फळ्यांची जी आडवी, खोलगट जागा केलेली असते, जींत गुरांपुढें कडबा, कोंडा, पेंड टाकतात, ती गव्हाण. दिवसभर राबलेला बैल दावणीला आला, कीं त्याचें तोंड प्रथम तिच्यांत जातें. घरांतल्या बाळाला तेथें कोणी निजवीत नाहीं.

मराठी बायबलांत लूकच्या शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची कथा आहे, तींत नेमका हाच शब्द आलेला आहे. रोमच्या बादशहानें नांवनिशी लिहून घेण्याचा हुकूम काढला. त्यासाठीं योसेफ हा आपली गरोदर वाग्दत्त वधू मरीया हिला घेऊन नाझरेथाहून बेथलेहेमास गेला. उतारशाळेंत त्यांना जागा मिळाली नाहीं. आणि मरीयेनें आपल्या पहिल्या मुलाला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत ठेवलें. ही वार्ता सर्वांआधीं कळली ती राजाला नव्हे, पुरोहिताला नव्हे. रात्रीं रानांत मेंढरें राखणाऱ्या मेंढपाळांना. नाताळच्या सणाचा सारा धार्मिक आशय या तीन-चार वाक्यांत आहे. देव माणसाच्या घरीं आला, आणि तो आला तेव्हां घरांत त्याला जागा नव्हती.

उतारशाळेंत जागा नसणें म्हणजे काय, हें इंद्रायणीकांठच्या माणसाला समजावून सांगावें लागत नाहीं. कार्तिक वद्य पक्षांत आळंदीस ज्ञानेश्वरांच्या समाधीची यात्रा भरते, तेव्हां धर्मशाळा भरून जातात आणि उरलेले वारकरी मिळेल त्या ओसरीवर, पडवींत, झाडाखालीं पथारी टाकतात. यात्रा पांगल्यावर थोड्याच आठवड्यांत २५ डिसेंबर येतो.

थंड मुलखांतल्या युरोपीय श्रोत्याला गोठ्यांतला जन्म म्हणजे दैन्याची पराकाष्ठा वाटते. मराठी श्रोत्याला तसें वाटेलच असें नाहीं. ज्या समाजांत दिवाळीची पहिली पणती वसुबारसेला गाय-वासरापुढें लागते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावून त्याला पुरणपोळी चारतात, आणि ज्याचा आवडता देव गोकुळांत गुराख्यांबरोबर वाढला, त्या समाजाला गोठा परका नाहीं आणि हीनहि नाहीं. त्यामुळें ख्रिस्तजन्माची कथा मराठींत आली, तेव्हां तिला एक आयती ऊब मिळाली. पण याच उबेंत एक फसगतहि होती. गोठा गांवांत होता. त्या गोठ्यांतलें मेलेलें जनावर ओढून नेणारा माणूस मात्र वेशीबाहेर राहत होता. बाळाला गव्हाणींत पाहून गहिंवरणें सोपें. वेशीबाहेरच्या माणसाला ओसरीवर घेणें कठीण. मराठी मुलखांतल्या नाताळचा चारशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो पुष्कळ अंशीं या दोन गोष्टींमधल्या अंतराचा इतिहास आहे.

जन्माची तिथि शुभवर्तमानांत कोठेंच दिलेली नाहीं. २५ डिसेंबरला हा सण पाळला जात असल्याचा सर्वांत जुना पुरावा रोम शहरांतला, इ. स. ३३६ चा आहे. आर्मेनियन चर्च तर आजहि जन्माचा उत्सव ६ जानेवारीस करतें. तिथीपेक्षां महत्त्वाची गोष्ट निराळी. सण जसजसा मोठा झाला, तसतसा तो लॅटिन मंत्रांत आणि मेणबत्त्यांच्या झगमगाटांत गेला, आणि सामान्य माणूस त्याचा नुसता प्रेक्षक उरला. १२२३ सालीं इटलींतल्या ग्रेच्चो या खेड्यांत संत फ्रान्सिस यांनीं खरी गव्हाण मांडली, तींत खरें गवत भरलें, एक बैल आणि एक गाढव आणून उभें केलें, आणि त्यांच्यासमोर मध्यरात्रीची उपासना करविली. आज घरोघर जो नाताळचा गोठा मांडतात, त्या प्रथेला याच रात्रीनें चालना मिळाली. युरोपांतहि, म्हणजे, ही कथा गोठ्यांत परत आणण्यासाठीं कोणाला तरी मुद्दाम गवताचा भारा वाहावा लागला.

‘नाताळ’ हा शब्द मूळचा मराठी नव्हे. जन्म या अर्थाचा तो पोर्तुगीज शब्द जहाजांतून गोव्यास उतरला. त्याच जहाजांतून इतरहि कांहीं उतरलें, आणि तें सांगितल्यावांचून पुढची कथा सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. १५४३ सालीं साष्टी आणि बारदेश हे महाल पोर्तुगीजांकडे आले. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशन सुरू झालें. १५६७ च्या सुमारास साष्टींतलीं देवळें पाडलीं गेलीं. जुने ग्रंथ, जुनीं पुराणें बाळगणें हा गुन्हा ठरला. १५८३ सालीं कुंकळी येथें लोकांनीं पांच जेझुइट धर्मोपदेशकांना ठार मारलें, आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या पुढाऱ्यांना बोलणीं करण्याच्या मिषानें बोलावून नेऊन पोर्तुगीजांनीं त्यांची कत्तल केली.

या साष्टींत त्या वेळीं एक इंग्रज राहत होता. थॉमस स्टीफन्स हे त्याचें नांव. १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यांत जन्मलेला. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडांत कॅथलिक पंथाचा माणूस म्हणून राहणें धोक्याचें झालें होतें. ज्या मित्राच्या संगतीनें तो रोमला जाणार होता, तो पकडला जाऊन वर्षानुवर्षें तुरुंगांत पडला. स्टीफन्स एकटेच रोमला गेले, जेझुइट संघांत शिरले, आणि ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोंचले. उरलेलीं चाळीस वर्षें, १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, त्यांनीं याच भागांत काढलीं. आपल्या देशांत धर्मापायीं छळ झाला म्हणून जो बाहेर पडला, तो अशा राज्यांत येऊन राहिला कीं, जेथें त्याच्याच धर्माच्या नांवानें दुसऱ्यांचा छळ चालला होता. या विसंगतीबद्दल फादर स्टीफन्स यांना काय वाटत होतें, याचा अंदाज करण्याचा मोह टाळलेला बरा. त्यांनीं काय केलें, तें मात्र स्पष्ट आहे. ते येथल्या लोकांची भाषा शिकले. १५८३ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत या देशांतील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या घडणीशीं जुळते, असें त्यांनीं नमूद केलें आहे. युरोपांतल्या पंडितांना ही गोष्ट सुचावयास पुढें दोन शतकें लागलीं.

नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक तक्रार होती. जुनीं पुराणें हातून गेलीं. त्यांच्या जागीं वाचावें, ऐकावें, असें कांहींच मिळालें नव्हतें. प्रश्नोत्तरांच्या पाठांनीं संध्याकाळ जात नाहीं. देवळांत पुराणिकाच्या तोंडून कथा ऐकत वाढलेल्या समाजाला कथाच हवी होती. फादर स्टीफन्स यांनीं ती मागणी मान्य केली आणि अकरा हजारांना थोडक्याच कमी, म्हणजे १०,९६२ ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा पहिल्या पुराणांत, ख्रिस्ताचें चरित्र दुसऱ्या पुराणांत. १६१६ मध्यें राशोल येथें तें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हा छापलें.

या ग्रंथाच्या आरंभीं मराठी भाषेची जी स्तुति आहे, तिच्यामुळें बहुतेक वाचकांना फादर स्टीफन्स ठाऊक असतात. खड्यांत रत्न, फुलांत मोगरा, पांखरांत मोर, अशा उपमांनीं त्यांनीं मराठीला गौरविलें आहे. पण स्तुतीपेक्षां छंदाची निवड अधिक बोलकी आहे. ज्या ओवींत १२९० सालीं नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, जी ओवी एकनाथांनीं घरोघर पोहोंचविली, आणि जी कोणत्याहि पंडिताच्या आधीं जात्यावर दळणाऱ्या बायकांच्या गळ्यांत होती, त्याच ओवींत बेथलेहेमची कथा बसली. शब्दहि परके नव्हते. स्वर्गाला त्यांनीं वैकुंठ म्हटलें. हें केवळ भाषांतर नव्हे. लॅटिन प्रार्थना चर्चमध्यें म्हणून तेथेंच ठेवून येतां येते. ओवी मात्र माणसाच्या मागोमाग घरीं येते; पहांटे दळतांना, मुलाला निजवतांना, दुखणेकऱ्याच्या उशाशीं बसतांना ती आपोआप ओठांवर येते. सणाचा अर्थ रोजच्या जगण्यांत उतरवावयाचा, तर याहून चांगला मार्ग त्या काळीं दुसरा नव्हता.

राज्यकर्त्यांना मात्र हा मार्ग पसंत नव्हता. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें हुकूम काढून देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असें फर्माविलें. पुराण छापणें थांबलें. वाचणें थांबलें नाहीं. लोकांनीं हातानें नकला केल्या. गोवा सोडून कारवार-मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं त्या बरोबर नेल्या. पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं हा ग्रंथ पुन्हा छापला तो या हस्तलिखितांवरून. आणि देवनागरी अक्षरांत तो पुण्यांत शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं आणला. मराठीचा एवढा मोठा ग्रंथ मराठी लिपींत छापला जाण्यास तीनशें चाळीस वर्षें लागावीं, यांत मराठी विद्वानांना अभिमान वाटण्यासारखें फारसें कांहीं नाहीं.

गोव्यांतल्या घरांत सणानें आणखी एक वाट काढली, ती स्वयंपाकघरांतून. नाताळच्या आधीं नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांचें काम निघतें. कुलकुल करतांना पिठाची गोळी फणीच्या दातांवर दाबून वळावी लागते, आणि एवढ्या गोळ्या एका माणसाच्यानें होत नाहींत म्हणून म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सारें घर भोंवतीं बसतें. तयार झालेल्या खाद्याचें ताट शेजाऱ्यांकडे जातें. हिंदु शेजाऱ्यांकडेहि जातें, आणि चवथीला किंवा दिवाळीला त्यांच्याकडून तसेंच ताट येतें. गोठा सजविण्यासाठीं कांहीं घरांत नाचणी किंवा गहूं लहानशा भांड्यांत आधींच पेरून ठेवतात, म्हणजे सणापर्यंत हिरवे कोंब वर येतात. नवरात्रांतला घट ज्यानें पाहिला आहे, त्याला हे कोंब ओळखीचे वाटतील. राजाज्ञेनें जें तोडावयास सांगितलें होतें, तें बायकांनीं मुकाट्यानें एका मातीच्या भांड्यांत जपून ठेवलें.

वसईची कथा थोडी निराळी. १५३४ पासून तो मुलूख पोर्तुगीजांकडे होता. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं तो जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर परदेशी पाद्री गेले; शेती-बागायत करणारे, मासे मारणारे ख्रिस्ती लोक आपल्या जागीं राहिले, आणि सणहि राहिला. ज्या सत्तेनें तो आणला तिच्यावांचूनहि तो टिकला, ही गोष्ट लहान नव्हे.

घाटावर, देशांत, नाताळ आला तो इंग्रजी अमदानींत आणि मुख्यतः प्रॉटेस्टंट मिशनांच्या द्वारें. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्यें मुंबईस आले, १८३१ मध्यें अहमदनगरास स्थिरावले. तेथेंच १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्र निघालें. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. परंतु उपासनेंतलीं गीतें पुष्कळशीं इंग्रजी चालींवर बेतलेलीं आणि इंग्रजीवरून उतरविलेलीं होतीं. मराठी तोंडाला तीं बसत नव्हतीं.

हें उणें ज्यांनीं भरून काढलें ते नारायण वामन टिळक. १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतल्या करजगांवीं चित्पावन घरांत त्यांचा जन्म झाला. १८९३ मध्यें नागपूरहून राजनांदगांवकडे जातांना आगगाडींत एका युरोपीय प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. त्यांतल्या डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें ते म्हणत कीं, आपण ख्रिस्तापाशीं आलों ते तुकारामांच्या पुलावरून. म्हणजे हा पूल इंद्रायणीवरचाच. टिळकांनीं उपासनेसाठीं शेंकडों पदें, अभंग रचले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या संग्रहांत त्यांचीं गीतें आजहि मोठ्या संख्येनें आहेत. आळंदीचे वारकरी ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात; टिळकांनीं ख्रिस्ताला त्याच वळणानें गुरु आणि माउली म्हणून हांक मारली. महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचा कवि म्हणून ओळखतो. बाळाच्या जन्माच्या सणाला असा कवि लाभावा, हा मराठी नाताळचा भाग्ययोगच म्हटला पाहिजे.

पण सणाची खरी कसोटी गीतांत नव्हती. ती चुलीपाशीं होती, आणि तेथें ती लक्ष्मीबाई टिळकांनीं दिली. १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें त्यांचा जन्म झाला. माहेरीं वडिलांचें सोंवळें इतकें विलक्षण कीं, बाजारांतून आलेली वस्तु, अगदी मीठसुद्धां, धुतल्यावांचून घरांत येत नसे. पतीनें धर्म बदलला, तेव्हां लक्ष्मीबाई त्याच्याबरोबर गेल्या नाहींत. कांहीं वर्षें दूर राहिल्या. मग एका छपराखालीं आल्या, तरी सोंवळें ठेवून. जातिभेद त्यांच्या मनांतून गळला तो कोणाच्या व्याख्यानानें नव्हे. स्वतःशीं विचार करतां करतां त्यांना दिसलें कीं, देवानें माणसांत असा भेद केलेला नाहीं. कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्याचा निश्चय आधीं झाला, बाप्तिस्मा नंतर, १९०० सालीं. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत त्यांनीं हें सारें ज्या मिस्किल साधेपणानें सांगितलें आहे, तो मराठी गद्याचा एक ठेवा आहे.

त्यानंतर टिळकांच्या घराचें दार बंद म्हणून राहिलें नाहीं. निराधार मुलें आलीं, दुष्काळानें हांकललेलीं माणसें आलीं. तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवि, हे ख्रिस्ती नसूनहि त्या घरांत मुलासारखे राहिले. पदरीं पैसा बहुधा नसेच. टिळकांच्या हातीं आलेला रुपया घरीं पोहोंचण्यापूर्वींच दुसऱ्या कोणाचा होई, आणि मग चूल कशी पेटवावयाची, हें लक्ष्मीबाईंनीं पाहावयाचें. उतारशाळेंत जागा नाहीं असें ज्याला कोणालाहि सांगण्यांत आलें, त्याच्यासाठीं या घरांत एक पान वाढलें जाई. १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाहि त्यांत स्थान होतें. दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं ते वारले. अपुरें राहिलेलें त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. १९३६ मध्यें त्याहि गेल्या. काव्य १९३८ सालीं प्रसिद्ध झालें.

एका घरानें जें केलें, तें सगळ्या मंडळीला साधलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. गोव्यांत ख्रिस्ती झालेल्यांनीं बामण, चार्दी, सुदीर हे भेद बरोबर नेले. नगर जिल्ह्यांत ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतले लोक पुष्कळ होते. चर्चच्या छपराखालीं ते एकत्र बसले, तरी पंक्तीचा आणि सोयरिकीचा प्रश्न तेवढ्यानें सुटला नाहीं, आणि गांवच्या विहिरीला तर बाप्तिस्मा समजतच नव्हता. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले, तेव्हां मराठी समाजापुढें जो प्रश्न उभा राहिला, तो नाताळच्या कथेंत पहिल्यापासूनच होता: जागा कोणाला आहे, आणि कोणाला नाहीं. फरक एवढाच कीं, कथा दर वर्षीं ऐकून घरीं परततां येतें. तळ्याकांठीं तसें करतां आलें नाहीं.

मराठींतली ही परंपरा मात्र अव्याहत राहिली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्यें तेव्हांच्या उस्मानाबादेस भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांना मिळालें. अध्यक्षपदी एक ख्रिस्ती धर्मगुरु, यावर थोडा गलबला झाला. फादर स्टीफन्स यांच्यानंतर चारशें वर्षांनीं तो व्हावा, हें चमत्कारिकच. २५ जुलै २०२४ रोजीं फादर दिब्रिटो निवर्तले.

चऱ्होलीच्या आसपास आतां शेतांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. जेथें गोठे नाहींत, तेथें गव्हाणीहि नाहींत. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पोटासाठीं आलेल्या कुटुंबांत ख्रिस्ती कुटुंबेंहि आहेत. डिसेंबराच्या तिसऱ्या आठवड्यांत अशा घरांतून खोक्याच्या पुठ्ठ्याचा लहानसा गोठा होतो, त्यावर वाळलेलें गवत येतें, मातीचे बैल आणि मेंढरें येतात, मरीया आणि योसेफ येतात, मध्यें वीतभर गव्हाण ठेवली जाते. बाळ मात्र जुन्या रीतीप्रमाणें तींत लगेच ठेवीत नाहींत. चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी असते.